प्रेमकथा करा, पण बांधकामाच्या साइटवरची : मराठी चित्रपटवाल्यांना खुले पत्र

मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता, राहणार पैठण. नोकरी कालव्यांवर गेली आणि उरलेला वेळ सिनेमात. दोन्हींतलं थोडंथोडं कळतं, म्हणून हे धाडस.

निमित्त एका फ्रेंच चित्रपटाचं आहे. मार्टिन बुर्बुलाँ यांचा ‘आयफेल’, २०२१ सालचा. पॅरिसचा मनोरा बांधणारा गुस्ताव्ह आयफेल त्यात रोमँ द्यूरिस आहे आणि त्याची प्रेयसी एमा मॅकी. आमच्या निवृत्त अभियंत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याची शिफारस केली आणि दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं बंद झाली. सगळ्यांचा सूर एकच : मराठीत असं कुणी कामून करत नाही? आपल्याकडं वेरूळ आहे, बीबी का मकबरा आहे, नळदुर्ग आहे. एकानं तर लगेच कथाही रचून टाकली. मकबरा बांधणारा देखणा कारागीर, महालातली मुलगी, मधे खलनायक सरदार, आणि घुमटाचा शेवटचा दगड बसताना दोघांची नजरानजर. तो गमतीनंच लिहीत होता. पण तुमच्यापैकी कुणीतरी एखाद्या दिवशी हीच कथा पाच गाणी घालून खरोखर काढेल, याची मला मनापासून धास्ती वाटते.

या विषयात खुल्या पत्रांचा इतिहास काही फारसा बरा नाही, हे मला ठाऊक आहे. आयफेलच्या मनोऱ्याचं काम २८ जानेवारी १८८७ ला सुरू झालं आणि १४ फेब्रुवारीला तिथल्या ‘ल ताँ’ वर्तमानपत्रात लेखक-कलावंतांचं निषेधपत्र छापून आलं. सही करणाऱ्यांत मोपासाँ होता, संगीतकार गुनो होता, ऑपेरा हाउस बांधणारा गार्निएसुद्धा होता. मनोरा त्या सगळ्यांना पुरून उरला. तेव्हा माझ्या पत्राचं जे व्हायचं ते होवो.

त्या चित्रपटातलं खरं किती ते आधी सांगतो. तरुण आयफेल बोर्दो शहरात गारोन नदीवर रेल्वेचा पूल बांधत होता. तिथं आद्रिएन बुर्जेस नावाच्या श्रीमंत घरच्या मुलीला त्यानं १८६० साली मागणी घातली आणि घरच्यांनी नकार दिला. इतकं खरं. वीस-पंचवीस वर्षांनी ती त्याला एका मित्राची बायको म्हणून पुन्हा भेटते, विझलेलं प्रेम पेटतं, त्या भरात तो मनोऱ्याचा ध्यास घेतो, आणि मनोऱ्याचा आकार थेट तिच्या नावाच्या पहिल्या रोमन अक्षरासारखा निघतो, हे सगळं पटकथाकारांचं. नकारानंतर खऱ्या आयफेलनं आईला पत्र लिहून कळवलं होतं, की हुंडा बेताचा चालेल, रूप बेताचं चालेल, मुलगी मात्र मायाळू, शांत स्वभावाची आणि साध्या आवडीनिवडीची हवी. आपल्या वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्मच! तशी मुलगी मिळाली. मार्गरित गोदले, लग्न १८६२ साली. पाच मुलं झाली आणि १८७७ मध्ये ती वारली. मनोऱ्याच्या वेळी तो दहा वर्षांचा विधुर होता आणि थोरली मुलगी क्लेअर त्याचा संसार सांभाळत होती.

आणि मुळात मनोऱ्याची कल्पना आयफेलला सुचलेलीच नव्हती. १८८४ मध्ये त्याच्या कंपनीतल्या मॉरिस केश्लँ आणि एमिल नुगिए या दोन अभियंत्यांनी पहिलं रेखाटन केलं. साहेबांनी ते पाहून फारसा उत्साह दाखवला नाही. पुढं स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुविशारदानं त्याला कमानी वगैरे जोडून रूप दिलं, तेव्हा साहेबांचं मत बदललं आणि हक्क विकत घेतले गेले. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. डिझाइन ज्युनियरचं, सही साहेबाची, आणि उद्घाटनाची कोनशिला तिसऱ्याचीच. पण आयफेलवर अन्याय नको. वाऱ्याचा हिशोब, पैसा, परवानग्या, शिव्या आणि माणसं, हे सगळं त्यानं अंगावर घेतलं. कारखान्यात १८,०३८ सुटे भाग बनले, पंचवीस लाख रिव्हेट, म्हणजे तापवून ठोकायचे जोड-खिळे, लागले आणि २ वर्षं २ महिन्यांत ३०० मीटरचा मनोरा उभा राहिला. आमच्याकडं तेवढ्या वेळात कालव्याच्या एका चारीचं भूसंपादन होत नाही.

माझी तक्रार खोट्या प्रेमकथेबद्दल नाही. सिनेमा आहे, जोडणार. तक्रार अशी, की ज्या प्रेमकथेसाठी कामाची दृश्यं आखडली, तिच्यापेक्षा ते काम जास्त रोमांचक होतं. एक रिव्हेट मारायला चार माणसं लागायची. एक तापवायचा, एक जागेवर धरायचा, एक डोकं घडवायचा, चौथा घण घालायचा. लाल झालेला लोखंडाचा तुकडा थंड व्हायच्या आत चौघांचं जमलं पाहिजे. शंभर मीटरवर, हिवाळ्यात. आणि पहिल्या मजल्याशी चार तिरके पाय एकमेकांना जुळवायचे, तर ते जुळणार कसे? आयफेलच्या लोकांनी आधारांखाली वाळूनं भरलेली नळकांडी ठेवली होती. पाय किंचित खाली आणायचा तर नळकांड्यातली वाळू थोडी सोडायची, वर उचलायचा तर पाण्याच्या दाबावर चालणारा जॅक लावायचा. एवढं अजस्र लोखंड आणि ते भोकाला भोक जुळेपर्यंत हलवायचं मूठमूठ वाळू सोडून. हे दृश्य नीट दाखवलं तर प्रेक्षक श्वास रोखून बघेल. साइटवर आयुष्य काढलेल्या माणसाचं ऐका, त्यासाठी नायिकेला पावसात भिजवायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, प्रेमाशिवाय तिकीट खपत नाही. मान्य. पण प्रेम कामातूनही दाखवता येतं आणि मराठी माणसाला हे शिकवायला फ्रान्सला जायला नको. दादासाहेब फाळके चित्रपटाच्या मागं वेडे झाले तेव्हा सरस्वतीबाई रात्री बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत होत्या, युनिटचा स्वयंपाक करत होत्या, दागिने मोडायला देत होत्या. त्या संसाराचं प्रेम ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ या वाक्यात मावलं असतं का?

दुसरं उदाहरण माझ्या घरचं. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. आमची चार एकर कोरडवाहू त्या साली नावालाच उरली आणि आई-वडील दोघंही पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं मागं मागं. वडील टिकावानं खणायचे आणि फावड्यानं घमेली भरून द्यायचे. बायकांची रांग ती घमेली उचलून भरावावर नेऊन टाकायची. मुकादम उभा असला की प्रत्येक घमेलं शिगोशीग. तो पाठमोरा झाला, की आईच्या घमेल्यात दोन फावडी कमी पडायची. आईला ते लगेच कळायचं, वजनावरून. ती एकदाच म्हणाली होती, “लोकं बघायलेत, भरा नीट.” वडील काहीच बोलले नाहीत. पुढचं घमेलंही हलकंच. पुढं नोकरीत माजलगावच्या कालव्यावर मी अशी कितीतरी जोडपी पाहिली. झाडाला झोळी, झोळीत लेकरू, नवरा पहारीवर, बायको खडीवर. संध्याकाळी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, दोघांचे अंगठे एकाखाली एक. मोठं बांधकाम म्हटलं की पटकथाकाराला तिथं एक अभियंता आणि एक श्रीमंताची मुलगी दिसते. आम्हाला तिथं शेकडो नवरा-बायको दिसायचे. प्रेमकथा काय एकाच जोडप्याची असते?

आता आमच्या भागाबद्दल बोलतो, कारण विषयाची कमतरता हे कारण मला चालणार नाही.

वेरूळच्या कैलास लेण्याची एक जुनी कथा आहे, कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आलेली. राजा आजारी पडतो. राणी माणिकावती नवस बोलते, की राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर डोळ्यांनी बघेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. मग सगळ्यांच्या लक्षात येतं, की देऊळ बांधायला वर्षं लागणार आणि राणी तर उपाशी! सगळे कारागीर हात टेकतात. तेव्हा कोकास नावाचा शिल्पी पुढं येतो. तो आमच्या पैठणचा, हे मी मुद्दाम सांगतो. तो म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो. आणि तो डोंगराला माथ्यापासून हात घालतो. शिखर आधी, पाया शेवटी.

अहो, आणखी काय पाहिजे? इतिहास सांगतो की हे लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं आहे, आणि एवढं काम एका राजवटीत उरकणं अवघड. आठवड्याची बात दंतकथाच. पण दंतकथा रचणारा केवढा हुशार! लेणं वरून खाली कोरलंय, ही बांधकामाची पद्धत त्यानं उचलली आणि तिच्याभोवती एका बाईचा उपास गुंफला. प्रेम आणि तंत्र वेगळं काढताच येत नाही. फ्रेंच चित्रपटात आद्रिएन काढून टाकली तरी मनोरा तसाच उभा राहतो. इथं राणी काढली तर कोकासला उलटं खोदायचं कारणच उरत नाही. राष्ट्रकूटांच्या बडोदे ताम्रपटात तर असं वर्णन आहे, की देऊळ पूर्ण झाल्यावर ते घडवणाराच थक्क झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं म्हणून. तुमच्या शेवटच्या रिळाची सोय बाराशे वर्षांपूर्वीच होऊन गेलीय.

मात्र माझा खरा हट्ट मकबऱ्याचा आहे.

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघायला जाणारा प्रत्येक माणूस ‘ताजची नक्कल’ म्हणून नाक मुरडतो, फोटो काढतो आणि वेरूळची गाडी धरतो. मुलानं आईसाठी बांधलेला ताज, ही गोष्ट गाइडकडून ऐकायला गोड लागते. पण आझमशाहाचा जन्म १६५३ चा आणि त्याची आई दिलरसबानू बेगम वारली १६५७ साली. चार वर्षांचं पोर काय मकबरा बांधणार? पुढं त्याचं नाव लागलं असेल. सुरुवातीचे हुकूम आणि पैसा बापाचा, औरंगजेबाचाच असणार. या मायलेकांच्या गोष्टीत दोन माणसं मात्र झाकली गेली. मुख्य दरवाज्यावरच्या लेखात त्यांची नावं आहेत : वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. शेकडो इमारतींवर फक्त राजांची नावं कोरणाऱ्या काळात एका दरवाज्यावर दोन बांधणाऱ्यांची नावं! पर्यटक त्या दरवाज्यातून तिकीट खिशात कोंबत आत जातात.

हा अताउल्ला कोण? ताजमहालाचे प्रमुख वास्तुविशारद मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बाप १६४९ मध्ये गेला. म्हणजे बापानं घडवलेलं जगातलं सर्वांत देखणं थडगं मागं उभं आणि मुलाला हुकूम होतो, की तसंच दख्खनमध्ये बांध, पण पैसे बेताचे. तारीखनाम्यात गुलाम मुस्तफा खर्चाचा आकडा देतो, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. त्या सात आण्यांवर माझा फार जीव आहे. तिथं कुणीतरी कारकून बसलेला आहे, हे त्यावरून दिसतं, आणि कोणत्याही साइटच्या गोष्टीत कारकून असल्याशिवाय मला ती खरी वाटत नाही.

त्या पैशांत संगमरवर किती येणार? फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए लिहितो, की वाटेत त्याला संगमरवर भरलेल्या तीनशे गाड्या दिसल्या आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते. जयपूरकडच्या खाणींतून दगड दख्खनपर्यंत बैलांनी ओढायचा! मग अताउल्ला आणि हंसपतराय यांनी मार्ग काढला. भिंतीला खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत संगमरवर. त्याच्या वर घुमटाच्या बुडापर्यंत आपला इथला काळा बेसाल्ट आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत, पांढराशुभ्र गिलावा. घुमट पुन्हा संगमरवराचा. लांबून सलग पांढरं दिसावं, हाताशी येईल तिथं खरा दगड लागावा आणि आभाळाला टेकेल तिथंही खरा असावा. लोक याला गरिबाचा ताज म्हणतात. मी याला कमी बजेटमध्ये केलेलं उत्तम डिझाइन म्हणतो. तुम्ही मराठी निर्माते आहात, हे दुःख तुमच्याइतकं कुणाला कळणार?

आता त्याच्या मागचं राजकारण बघा. दिलरसबानू वारली त्याच सुमाराला दिल्लीच्या गादीचं भांडण पेटलं. १६५८ मध्ये औरंगजेबानं बाप शाहजहानला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केलं. अताउल्लाच्या घराण्यानं ज्या बादशाहाचं मीठ खाल्लं तो बादशाह खिडकीतून ताज बघत कैदेत बसलेला, आणि अताउल्ला त्याला कैद करणाऱ्याच्या बायकोचं थडगं बांधतोय. त्यात खलनायक सरदार कशाला घुसडायचा?

अजून एक धागा आहे, आणि तो सापडल्यापासून मी ग्रुपवर सगळ्यांचं डोकं खातोय. अभ्यासक मानतात, की हाच अताउल्ला म्हणजे अताउल्ला रशिदी, ज्यानं १६३४-३५ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चं फारसी भाषांतर करून शाहजहानला अर्पण केलं. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० चा. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. म्हणजे मकबऱ्यापासून निघायचं, कन्नडवरून औट्रम घाट उतरायचा, की आलं पाटण. तरुणपणी उत्तरेत बसून ज्याची समीकरणं या माणसानं फारसीत उतरवली, त्याच्याच मुलखाच्या उंबऱ्याशी येऊन तो पुढं घुमट चढवतो. पटकथाकारानं असा योगायोग लिहिला तर तुम्ही त्याला ‘जरा अतीच होतंय’ म्हणाल.

आणि भास्कराचार्यांच्या बाबतीतही तेच झालं, जे आयफेलच्या बाबतीत झालं. ‘लीलावती’ची गोष्ट तुम्हाला माहीत असेल : मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, वेळ मोजायच्या घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेली घटका, आणि मग बापानं तिच्या नावानं लिहिलेलं गणिताचं पुस्तक. मूळ संस्कृत ग्रंथात ही गोष्ट नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती आली. गणिती म्हटला की त्याला एक मोडलेलं लग्न चिकटवायचंच, ही खोड जुनी आहे तर. पण ग्रंथातली उदाहरणं वाचा. बाईला अगं बाले, अगं मृगनयने अशी हाक मारून विचारलेली गणितं आहेत; भुंग्यांचे थवे आहेत, रात्री कमळात अडकलेल्या भुंग्याला बाहेरून साद घालणारी भुंगी आहे. शृंगार हवाय ना? तो गणिताच्या पोटातच आहे. बाहेरून आणायला नको.

नळदुर्गाबद्दल फार लिहीत नाही, फक्त जागा म्हणून सुचवतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादिन यानं किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधलं आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणी महाल काढला. पावसाळ्यात नदी भरली, की नर आणि मादी नावाचे दोन धबधबे भिंतीवरून कोसळतात आणि महालाच्या खिडकीत बसलेल्या माणसासमोर पाण्याचा पडदा तयार होतो. खोलीत मात्र बसता येतं. धरणं पाहण्यात माझा जन्म गेला, पण पाणी अडवताना बसून ते बघण्याची सोय करणारा इंजिनियर मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या डिझाइनमध्ये रोमान्स आहे, त्याच्या खासगी आयुष्यात शोधायची गरज नाही.

तर मागण्या. मकबऱ्यावर चित्रपट काढणार असाल तर अताउल्ला आणि हंसपतराय दोघंही हवेत, आणि एकाला नायक करून दुसऱ्याला विनोदी मित्र करू नका. उत्तरेतून आलेला वास्तुविशारद आणि त्याच्याबरोबर चुन्याचा, दगडाचा, मजुरांचा मेळ घालणारा हंसपतराय यांची रोजची भांडणं हाच तुमचा संवाद आहे. भिंतीत बेसाल्ट घालायचा निर्णय झाला त्या दिवशी दोघांत काय झालं असेल, यावर अर्धा तास सहज निघेल. मजूर म्हणून मागं उभी केलेली माणसं मराठवाड्याची ठेवा आणि त्यांना आमची बोली बोलू द्या. ‘करायलाव’, ‘बोलायलेत’ हे शब्द विनोदी पात्राच्या तोंडी घालण्यासाठी जन्मलेले नाहीत. मूळ वास्तूवर नाच नको. पुरातत्त्व खातं परवानगी देणार नाही, आणि दिली तरी नको. चबुतरा सेटवर बांधा.

प्रेमकथा कुणाची करायची तर एका पाथरवटाची आणि त्याच्या बायकोची करा. तो घाव घालतोय, ती चुना वाहतेय, आणि मुकादम पाठमोरा आहे. नायिका होणाऱ्या नटीला डोक्यावर चुंबळ ठेवून, भरलेलं घमेलं न धरता परांचीवरून चालायला शिकावं लागेल. शिकवायला आमच्या गावातल्या दोघी-तिघी आत्ताच तयार आहेत. त्यांचा रोज मात्र तुम्ही नायकाला घोडा शिकवणाऱ्याला देता तितकाच द्यावा लागेल, आणि मस्टर मी स्वतः लिहीन.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
पैठण